दुभाष्याची आई

४ मार्च
ती. आईस,
सा. न. वि. वि.
पिटकी सतरा दिवसांची झाली. वजन वाढायचं नाव घेत नाही. मला दूध आहे, पण तिला धड धरता येत नाही, म्हणून वरच्या दुधावर निभावतंय. मला जखमा झाल्यात.

दर मंगळवारी नर्सबाई घरी येतात. त्यांची भाषा मला भाजी आणण्यापुरतीच येते, म्हणून इथल्या सरकारने फोनवर मराठी दुभाषा दिलाय. गृहस्थ अतिशय सभ्य आहेत, आणि तीच पंचाईत आहे. छातीला ते ‘सदर ठिकाण’ म्हणतात. काल बाई दहा मिनिटं हातवारे करून बोलल्या. यांनी एवढंच सांगितलं, की बाळाला सदर ठिकाणी सन्मानाने न्यावं. तुझ्या जावयांनी तेही वहीत लिहून घेतलं.
तुझीच,
ठकू

११ मार्च
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, नाहीतर त्या सभ्य माणसाला मीच सरळ केलं असतं. तू लाजू नकोस. लहानपणी तो स्वतः काय पीत होता, ते विचार त्याला.
काळजीत असलेली,
आई

२६ मार्च
ती. आईस नमस्कार.
विचारलं. पलीकडे खुर्ची सरकली आणि एका म्हातारीने फोन घेतला. ती त्याची आई. तो घरूनच काम करतो, आणि ती शेजारी लसूण सोलत इतके दिवस सगळं ऐकत होती म्हणे.

तिने आधी त्याला झापलं. मग नर्सबाई त्याला सांगणार, तो आईच्या कानात पुटपुटणार आणि ती मला ओरडून सांगणार, असं सुरू झालं. पोटाला पोट लाव, मोठा आ करेपर्यंत थांब, नुसतं टोक नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे. अर्ध्या तासाने पिटकीने धरलं आणि मला दुखलंच नाही. गिळल्याचा आवाज आला. तेवढ्यात फोनवर कुणीतरी हुंदका दिला. कोण रडतंय, असं नर्सबाईंनी विचारलं, तर मी रडतोय, असं दुभाष्याने दोन्ही भाषांत सांगितलं.

परवा वजन केलं. दोनशे ग्रॅम वाढलंय.
तुझी,
ठकू

३ एप्रिल
चि. ठकूस आशीर्वाद.
पत्र वाचून रडू आलं, मग हेवा वाटला. ते काम माझं होतं. दोन दिवस त्या दुभाष्याच्या आईला मनातल्या मनात नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला पत्र लिहायला बसले, ते चार पानांचं झालं. सोबतच्या पाकिटात आहे. तू उघडू नकोस, तसंच तिच्याकडे पोचव. मुलाकडून वाचून घेऊ नये, असं वर ठळक लिहिलंय.
माझी माया तिघांत वाटून घ्या, पिटकीला जास्त.
आई