मिरचीचा हात

माय, काल मी पाहुण्यासारखा जेवायला बसलो. हसू नको. इथं कोकणात समुद्राजवळ एका संस्थानिकाचा जुना बंगला आहे, हवापालटासाठी बांधलेला. आता त्याचं हॉटेल झालंय. सुरत झाली, वापी झाली, गोवा झालं, कुठं माझं बूड टिकलं नाही. इथं मात्र दुसरं वर्ष चाललंय. काम काय, तर चमचे पुसायचे. सूपचा वेगळा, माशाचा वेगळा, गोडाचा वेगळा. वाफेवर धरायचे आणि आपलं तोंड दिसेपर्यंत फडक्यानं घासायचे. पावसाळा संपून हॉटेल उघडायच्या आदल्या दिवशी मालक आम्हा कामगारांनाच मोठ्या हॉलमध्ये बसवतात आणि स्वतः वाढतात. भिंतीवर राजे, खिडकीत समुद्र, मधे आम्ही.

सगळ्यांनी सरळ ताटात हात घातला. मी चमचा उचलला. आमचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुकादम, मालवणकडचा. तो ओरडला, "हातान खा रे! हय कोण बघणारो नाय." शेजारचा म्हणाला, "नंदुरबारचे लाटसाहेब आहेत ते." सगळे हसले, मीपण हसलो. चमचा मला कुठल्या साहेबानं नाही, तू शिकवलास, हे त्यांना कसं सांगू?

मिरच्या वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, तू दिवसभर देठं खुडायचीस. लाल मिरच्यांचा हा एवढा ढीग, बाया तोंडाला पदर बांधून बसलेल्या, आणि मी लांब निंबाखाली शिंकत. संध्याकाळी घरी आलीस की बोटांना तेल चोळतेस, ताकात बुडवतेस, तरी आग जात नाही. "मन्हा हातले मिरची शे रे पोऱ्या, चमचाच बरा," म्हणतेस आणि वाकड्या दांड्याच्या चमच्यानं वरणात कुस्करलेली भाकर भरवतेस. मला वाटायचं, सगळ्यांच्या माया अशाच भरवतात.

एका आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, पथारी बंद होती. तू हात धुतलेस, हुंगलेस, पुन्हा धुतलेस. आमरसात मांड्याचा तुकडा बुडवून म्हणालीस, "आज मन्हा हातना घास खाय." घास तोंडात गेला आणि मी पाणी पाणी करत अंगणभर नाचलो. शेजारची काकू हसून लोळली, "पोऱ्याले फोडणी दिनी का वं?" तूही हसलीस. मग बोटांकडे बघत राहिलीस, आणि फळीवरून चमचा काढलास. पुन्हा कधी हातानं भरवलं नाहीस. त्यानंतर तू फार दिवस राहिलीही नाहीस.

काल माशाच्या कालवणावर शोभेला एक लाल मिरची तळून ठेवली होती. मी चमचा बाजूला ठेवला. मिरची बोटांत चुरली, नीट, नखांपर्यंत. त्याच बोटांनी भात कालवला आणि घास घेतला. ओठ पेटले, डोळ्यांतून पाणी आलं. कॅप्टन म्हणाला, "गेले लाटसाहेब!" मालकांनी स्वतः ग्लास पुढं केला. मी तो नुसता धरून बसलो.

आज पाहुणे येतील. हा कागद मी फडक्यांच्या कप्प्यात तळाशी घालतोय. टाकायचा तरी कुठल्या पेटीत? पण एक सांगतो. कालची ती आग तुझ्या हातची नव्हती, पहिल्याच घासाला कळलं होतं. तरी दुसराही तसाच घेतला.