चोवीस वर्षांची लेक

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र परवा पोचलं. करकचेरीतल्या बाईने तुझा अर्ज खिडकीतून परत सरकवला आणि म्हणाली, ताई, ही सवलत तरुण कामगारांसाठी आहे. हे वाचून तुझी आई आधी हसली आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. मला हसू आलं नाही. रांगेत तुझ्यामागे उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला सवलत मिळाली म्हणे, जिचा पगार मुळात कर भरण्याइतका नाहीच. पत्राच्या शेवटी तू मला एक काम सांगितलं आहेस. त्याकडे येतोच, पण आधी थोडं बोलू दे. सवय जात नाही.

तुझी ती तिसऱ्या मजल्यावरची खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. शेगडी आणि अंथरूण यांत एका पावलाचं अंतर, आणि खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. लोकांना लांबचं दिसावं म्हणून तू दिवसभर चष्म्याच्या काचा घासतेस, आणि तुला हातभरापलीकडचं दिसायची सोय नाही. या करसवलतीचा कायदा मंजूर झाला त्याच आठवड्यात घरमालकाने भाडं वाढवलं. सवलत तिशीच्या आतल्यांना, भाडेवाढ मात्र सरसकट. सरकारने चिमटीने द्यायचं, घरमालकाने ओंजळीने न्यायचं आणि वर त्याला दिलासा म्हणायचं.

सात वर्षांपूर्वी परदेशातल्या त्या मोठ्या कारखान्याने तुला पत्र पाठवून नोकरीला बोलावलं होतं. तुला मीच थांबवलं. छापखान्यात मशीन चालवता चालवता मी तेव्हा नुकताच युनियनचा अध्यक्ष झालो होतो. तरुणच निघून गेले तर आम्ही लढायचं कुणासाठी, असं मी विचारलं. तू ते पत्र घडी करून डब्यात ठेवलंस आणि म्हणालीस, बरं, थांबते, पण जरा लवकर लढा. आई तेव्हाच म्हणाली होती, ह्यांचं म्हणजे लोकांच्या दारात दिवा आणि आपण घरात चाचपडा.

तेव्हापासून प्रत्येक सभेत मी तुझं उदाहरण दिलं. 'माझी चोवीस वर्षांची लेक' एवढं म्हटलं की पटांगण चिडीचूप व्हायचं. वाक्य तोंडात असं बसलं की ते बदलायचं कधी सुचलंच नाही. तू पंचवीसची झालीस, अठ्ठावीसची झालीस, जागेपायी तुझं लग्न दोनदा पुढे गेलं, तू तिशी ओलांडलीस. भाषणातली लेक होती तिथेच राहिली.

आता तुझं काम. कायद्याच्या मसुद्यातली पस्तीसची वयोमर्यादा तिसावर कुणी आणली ते शोधा, बाबा, आणि त्याला भर सभेत सोलून काढा, असं तू लिहिलंस. शोधावं लागलं नाही. सरकारशी युनियनच्या वाटाघाटी चालल्या होत्या, त्यांच्या शेवटच्या दुपारी अधिकारी म्हणाले, सवलतीची रक्कम तरी कमी करा, नाहीतर वय तरी. मी रकमेला चिकटून बसलो आणि वय सोडलं. कामगारांच्या बाजूने त्या कागदावर सही माझी आहे. सही करताना तू माझ्या डोळ्यांसमोर होतीस, हे शपथेवर सांगतो. चोवीस वर्षांची होतीस, म्हणून मला तुझी काळजी वाटली नाही. बाहेर येऊन मर्यादा कमी केल्याबद्दल मीच सरकारला शिव्या घातल्या, आणि टाळ्या घेतल्या. डब्यातलं ते पत्र अजून असेल तर त्या पत्त्यावर पुन्हा लिहून बघ. आता मी आडवा येणार नाही. येत्या रविवारी युनियन माझा सत्कार करते आहे आणि पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली आहे. यायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र कौतुक सुरू व्हायच्या आधी माइक हातात घेणार आहे आणि तू सांगितलेलं काम करणार आहे. पहिलं वाक्य तयार आहे: माझी लेक एकतीस वर्षांची आहे.

भाषणाबाहेरही तुझाच,
बाबा