थोरली रस्त्यावरच राहील

मी, खाली सही करणारी, मोटार चालवायला शिकवणारी, एका मोटार-शिक्षकाची विधवा, वय वर्षे शहात्तर, पुष्कळांनी नको म्हटले असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना, डोके ठिकाणावर ठेवून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. उजवे मनगट प्लास्टरमध्ये असल्याने मजकूर मी सांगितला आणि वकीलबाईंनी टंकला. काही ठिकाणी त्या म्हणाल्या, "हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत." ती ठिकाणे मी तशीच ठेवली आहेत.

कलम १. जुन्या मृत्युपत्राबद्दल

गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात थोरली गाडी मुलाला जपून ठेवण्यासाठी, धाकटी गाडी सुनेला आणि शाळा कायमची बंद, असे होते. आमच्या मोटार शाळेचा परवाना थोरलीच्या नोंदणीवर आहे. यंदाच्या सरकारी तपासणीत ती नापास झाली असती तर परवानाही गेला असता. ती नापास होणार हे घरात सगळ्यांनी धरून ठेवले होते. मीसुद्धा.

सोमवारी ती पास झाली. तेव्हा आता शाळा राहणार, आणि थोरली व शाळा कोणाच्या हाती द्यायची हे ठरवणे आले. या कागदात बाकीचे सगळे त्याच्या अवतीभवतीचे आहे.

कलम २. गाड्यांबद्दल

थोरली, मधली, धाकटी या तिन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच नावाच्या. कंपनी अधूनमधून त्याच नावाने नवी पिढी काढते आणि जुनी बनवणे बंद करते. नाव तेवढे टिकते. गाडीच्या पिढ्या आणि घरातल्या पिढ्या यांची तुलना करण्याचा मोह माणसाला होतो. आमच्या भाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, तो प्रत्येक जेवणात होतो. मी ती करणार नाही. माणसांचे सुटे भाग मिळत नाहीत.

थोरली माझ्या पतींनी कोरी घेतली आणि तिच्यावर शाळा काढली. त्या काळी बाई शिकायला आली की लोकांनी बोलू नये म्हणून सोबतीला मला मागच्या सीटवर बसवत. हातात विणकाम असे. शिकणारी बदले, मी बदलत नसे. असे कित्येक वर्षे चालले. एकदा मी मागून म्हटले, "क्लच उशिरा सोडतेय ती."

पती म्हणाले, "तू टाके मोज."

मी टाके मोजले आणि क्लचही मोजले. पुढे पती अंथरुणाला खिळले. शिकणारे दाराशी येऊन परत जाऊ लागले. मी परवान्याच्या परीक्षेला बसले. परीक्षकांनी विचारले, "कोणाकडे शिकलात?"

"मागच्या सीटवर," मी म्हटले.

पहिल्याच फटक्यात पास झाले. घरी येऊन सांगितले तेव्हा पतींनी उशीवरून विचारले, "रिव्हर्स कशी घेतलीस? आरशात बघून, की मान वळवून?"

"मान वळवून."

ते काही बोलले नाहीत. त्या माणसाकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

कलम ३. मधलीबद्दल

मधली मी भाऊजींच्या आग्रहाने घेतली. "वहिनी, जग पुढे चाललंय," असे त्यांचे म्हणणे. जग गेले. मधलीला ढकलावे लागले. दिसायला तिघींत तीच देखणी: गोल दिवे, बटणावर चालणाऱ्या काचा. काचा अर्ध्यावर अडकत. दारांच्या खालच्या कडा गंजून बिस्किटासारख्या झडल्या. कंपनीने थोरलीचा पत्रा मधलीत पातळ केला आणि पैसे रंगावर घातले. चांगल्या नावावर एक पिढी अशी निघते.

ती केव्हाच भंगारात गेली. तिचा हॉर्न मी काढून ठेवला आहे. तो भाऊजींना द्यावा. त्या गाडीत तेवढाच एक भाग न थकता वाजायचा.

कलम ४. थोरली आणि धाकटी यांची तुलना

हे कलम वकीलबाईंच्या मते अनावश्यक आहे. माझ्या मते वाटणीचे कारण सांगितल्याशिवाय वाटणी करू नये.

धाकटी अधिक चांगली गाडी आहे. हे मी शुद्धीवर असताना सांगते आहे, भाऊजींनी नोंद घ्यावी. तिचे ब्रेक ओल्या रस्त्यावर सरळ थांबवतात; थोरली थांबताना डावीकडे ओढते. धाकटी थंडीत पहिल्या चावीला सुरू होते. थोरलीचा चोक ओढायचा, थांबायचे, मग तो अर्धा आत ढकलायचा आणि तिच्याशी गोड बोलायचे. धाकटीचे स्टेअरिंग एका बोटाने फिरते. थोरलीचे जागच्या जागी फिरवून दाखवेल त्याला मी फी माफ करत असे. कोणाला माफ करावी लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी चौकात एका मालट्रकने धाकटीच्या कुशीत धडक दिली. आत सून आणि एक शिकणारी होती. दार आत आले, माणसे बाहेर आली. दोघींना खरचटलेसुद्धा नाही. थोरलीत असत्या तर मी आज हे मृत्युपत्र वेगळ्या वारसांसाठी लिहिले असते. त्या दिवसानंतर धाकटीबद्दल वाकडे बोलणे मी सोडले. तिला नवे दार बसवले.

आता थोरली. तिच्या पुढच्या काचेचे खांब बोटभर जाडीचे आहेत. रस्ता ओलांडणारे पोर त्यांच्याआड लपत नाही. धाकटीच्या खांबाआड आख्खी सायकल मावते. थोरलीच्या टपाला, दाराला, बॉनेटला कडा आहेत. गाडी कुठे संपते ते बसल्या जागी दिसते. धाकटी ते शिटी वाजवून सांगते आणि शिटी बंद पडली की काहीच सांगत नाही. थोरलीत चूक झाली की ती गुरगुरते, धक्का देते, बंद पडते. धाकटी चूक पोटात घालते. आई म्हणून धाकटी बरी. शिक्षिका म्हणून थोरली.

म्हणून माझ्या शाळेत पहिला महिना थोरली, मग धाकटी, हा क्रम आहे. त्याला एकच धोका. दोघींची घडण सारखी नाही. थोरलीत इंडिकेटरचा दांडा उजवीकडे आहे, धाकटीत डावीकडे. गियरमध्ये डावीकडे पुढे ढकलले की थोरलीत पहिला पडतो, आणि धाकटीत त्याच कोपऱ्यात रिव्हर्स आहे. एकीची सवय दुसरीत नेली की कोरड्या रस्त्यावर वायपर फिरू लागतात. आमच्या गल्लीत ते दिसले की लोक बाजूला होतात. शाळेची गाडी वळते आहे हे त्यांना कळते.

कलम ५. मुलाबद्दल आणि सुनेबद्दल

मुलगा एका वातानुकूलन यंत्रांच्या दुकानाचा व्यवस्थापक आहे. थोरलीवर त्याचा जीव आहे. दर रविवारी तो तिला मऊ फडक्याने पुसतो, चकाकी आणतो, स्वतः शिवून घेतलेले आच्छादन घालतो. चालवत नाही. "आई, तिला उगाच त्रास नको," म्हणतो. रोज मात्र तो धाकटीसारखीच एक गाडी चालवतो.

सून लग्न होऊन आली ती धाकटीच्या पिढीवर शिकलेली. थोरलीत पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "आई, ही गाडी आहे की व्यायामशाळा?" शाळेत शिकवायला लागल्यापासून ती थोरलीला रोज शिव्या घालते. शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, "हिचे ब्रेक डावीकडे ओढतात, हिचा आरसा खोटं बोलतो, आणि हिला चढावावर राग येतो. हे तीन लक्षात ठेवा, मग ही काही करत नाही."

मला ते फार लागत असे. मला स्वतःला कोणी नावे ठेवली असती तर इतके लागले नसते.

कलम ६. तपासणीबद्दल

मनगट मोडल्यामुळे थोरलीला मी नेऊ शकत नव्हते. सून नेते म्हणाली. मुलगा म्हणाला, "नको. तिला फक्त मी ओळखतो." आदल्या दिवशी त्याने ती अशी चकचकीत केली की बघणाऱ्याला आपले तोंड दिसावे. मी शिक्षकाच्या सीटवर बसले. सून धाकटी घेऊन मागून आली.

धूर पास झाला. दिवे पास झाले. चढावावरचा हँडब्रेक पास झाला. तिथे मी डोळे मिटले होते. मग निरीक्षक म्हणाले, "डावीकडे वळा आणि त्या खांबांमध्ये गाडी मागे घ्या." ते स्वतः समोर खुर्ची टाकून बसले होते.

मुलाने डावीकडचा दांडा दाबला. वायपर फिरू लागले. ऊन कडक होते. तो घाबरला आणि रोजच्या सवयीने गियर डावीकडे पुढे ढकलून, मान मागे वळवून, क्लच सोडला.

थोरली पुढे निघाली. मुलगा मागे पाहत होता.

शिक्षकाच्या पायाखाली आमच्या गाड्यांत दुसरा ब्रेक असतो. मनगट मोडले होते, पाय शाबूत होता. गाडी डावीकडे ओढत थांबली. निरीक्षक उठून उभे राहिले होते, खुर्ची बसलेली होती.

ते म्हणाले, "गियरबॉक्स सदोष."

मी काच खाली केली. "गियरबॉक्स नाही साहेब. मुलगा."

"मग मुलगा दुरुस्त करून आणा."

"त्याला वेळ लागेल. दुसरा चालक चालेल?"

निरीक्षकांनी घड्याळ पाहिले, मग माझ्या प्लास्टरकडे पाहिले. "जेवायच्या आधी आणा," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून बाजूला नेऊन ठेवली.

सून धाकटीतून उतरली. मुलगा उतरला. ती आत बसली, सीट पुढे ओढली, आरसा न पाहता बाजूला सारला आणि थोरलीला म्हणाली, "चल गं जाडे. नाटकं नकोत."

उजवा दांडा. गियर उजवीकडे मागे. मान वळवून. ब्रेकच्या वेळी स्टेअरिंग उजवीकडे किंचित धरून, म्हणजे गाडी डावीकडे ओढेल तेव्हा सरळ राहील. खांबांच्या दोन्ही बाजूंना सारखे अंतर. मी विद्यार्थ्यांना असे करायला सांगते. असे करताना मी फार थोड्यांना पाहिले आहे, आणि त्यांत माझे पती नाहीत.

निरीक्षकांनी शिक्का मारला. "पुढच्या वर्षी मलाच शिकवायला या," ते सुनेला म्हणाले.

"थोरलीवर शिकावं लागेल," ती म्हणाली. "पहिला महिना."

परत येताना मी शिक्षकाच्या सीटवर बसून हसत होते. सून म्हणाली, "काय झालं, आई?" मी म्हटले, काही नाही, टाके मोजते आहे. तिला ते कळले नाही. तिने समोर बघायला सांगितले.

ज्याचा गाडीवर जीव होता तो तिची घडण विसरला होता. जिला ती आवडत नव्हती ती तिचा एकही दोष विसरली नव्हती. वाटणी तिथेच झाली. कागद आता होतो आहे.

कलम ७. घर, शिल्लक, हत्यारे

राहते घर मुलाला आणि सुनेला समाईक. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी, त्यावरून वाद घालू नये. पाने, जॅक आणि टायर काढायचे लोखंडी दांडे आमच्या गॅरेजवाल्याला. तो ती नेहमीच घेऊन जातो, आता परत आणायचा त्रास वाचेल. थोरलीचे आच्छादन मुलाला. दर रविवारी तिला पुसण्याचा हक्कही त्याला राहील. सोमवारी सकाळी ती कामाला लागेल.

कलम ८. थोरली, धाकटी आणि शाळा

पतींच्या मृत्युपत्रात एक वाक्य होते: मुलगा कर्ता होईपर्यंत शाळा पत्नीने सांभाळावी. मुलगा कर्ता झाला, नोकरीला लागला, शाळेकडे वळला नाही. मी इतकी वर्षे त्या एका वाक्याची भाडेकरू होते. मंगळवारी मुलाने आपला हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. त्याला कोणी सांगितले नव्हते. सही करून म्हणाला, "आई, तपासणीचं ऑफिसात कुणाला सांगू नकोस." हे कलम ऑफिसात वाचून दाखवू नये.

थोरली, धाकटी, शाळेचा परवाना, जागा आणि आतले सामान मी माझ्या सुनेला पूर्ण मालकीने देते.

वकीलबाईंनी विचारले, थोरली विकू नये अशी अट घालायची का. मी सुनेला बोलावून विचारले, "तू काय करशील?"

ती म्हणाली, "चालतेय तोवर चालवीन, आई. ब्रेक माणसाच्या जिवावर उठले, तर त्या दिवशी तिला रस्त्यावरून काढीन. तुम्ही स्वर्गातून ओरडलात तरी."

"आणि धाकटी?"

"तिची पुढची पिढी आलीय. मी चालवून पाहिली. खांब पुन्हा बारीक केलेत त्यांनी. पण आवाजच करत नाही, शिकणाऱ्याला कळणार कसं?"

मी वकीलबाईंना सांगितले, अट नको.

याच्या अंमलबजावणीसाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज सकाळी रंगाऱ्याला बोलावून शाळेच्या पाटीवर सुनेचे नाव घालून घेतले. माझ्या नावाशेजारी, माझ्याएवढ्याच अक्षरांत. रंग ओला आहे. संध्याकाळपर्यंत कोणी हात लावू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, तीन ठिकाणी हसले, आणि तो माझाच आहे म्हणून खाली सही करते.

सही (डाव्या हाताने): मोटार शिक्षिका

साक्षीदार पहिला: शेजारचा टायरवाला. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: डोळ्यांची डॉक्टरीण, शाळेची माजी विद्यार्थिनी, परवान्याला तिसऱ्या खेपेस पास. माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: शाळेचे कार्यालय, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च