पेटीवर्गाची सूत्रं सोपवताना

३ मार्च, रविवार, सकाळी
ठरलं. रविवारचा पेटीवर्ग सोडायचा. बावीस वर्षं पुष्कळ झाली. आई किंवा बाप आणि त्यांचं मूल, दोघांनी मिळून दीड तासात लाकडाची एक पेटी करायची, एवढाच हा वर्ग. हे होते तोवर दोघं चालवायचो. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून एकटीच रेटतेय.

केंद्राच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, मार्चभर वर्ग बंद ठेवा आणि नवे स्वयंसेवक तयार करा. एकतीस तारखेला त्यांनी तुमच्याशिवाय वर्ग चालवला तर हॉल तुमचाच. नाहीतर रविवारची वेळ कमरेच्या व्यायामवाल्यांना देणार. मी म्हटलं, महिना कशाला, दोन आठवडे पुरेत. मला तर सुटायचंच आहे.

५ मार्च
स्वयंसेवकांसाठी पुस्तिका लिहायला घेतली. दोन पानांत आटपणार.

९ मार्च
पुस्तिका एकतीस पानं झाली. शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयातलं मुलांच्या मनाविषयीचं अख्खं कपाट मी वाचून काढलंय. ते गाळायचं कसं? लेकीने फोनवर पहिलं प्रकरण ऐकलं आणि विचारलं, आई, ह्यात पेटी कशी करायची ते कुठे आहे? म्हटलं, परिशिष्टात.
परिशिष्ट अजून लिहायचंय.

१० मार्च, रविवार
पहिलं प्रशिक्षण. स्वयंसेवक तीन. निवृत्त पोस्टमन, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आणि दातांचे डॉक्टर. माणसं गुणी, पण कच्ची.

प्रास्ताविकाला मी पाच मिनिटं घेतली. संपलं तेव्हा पावणेदोन तास झाले होते. हॉलमधलं घड्याळ पुढे असावं. एकानेही शंका विचारली नाही. इतकं स्वच्छ सांगितल्यावर विचारणार काय? डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. अशी एकाग्रता हल्ली दिसत नाही. पोस्टमन निघताना म्हणाले, पुढच्या वेळी थेट चहाच्या सुमारास आलं तर चालेल का. वेळेचं भान असलेला माणूस.

शिंपीणबाईंनी पुस्तिका हातात तोलून पाहिली. म्हणाल्या, जड आहे हो. म्हटलं, विषयच जड आहे.

१३ मार्च
कपाटातला ह्यांचा खण आवरायचा होता. पुस्तिकेमुळे वेळ मिळाला नाही.
तीन वर्षं मिळालेला नाही. पुस्तिका तर आत्ताची.

१७ मार्च, रविवार
आज प्रात्यक्षिक. डॉक्टर झाले आठ वर्षांचा मुलगा, शिंपीणबाई त्याची आई. वर्ग चालवणार पोस्टमन. मी बाजूला खुर्ची घेऊन गप्प बसणार होते आणि बसलेही.

पोस्टमननी सुरुवात केली, नमस्कार मंडळी. मी फक्त एवढंच सुचवलं, की मुलांना मंडळी म्हणू नये. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मग आवाजाची पट्टी सुचवली. मग उभं कुठे राहायचं ते. चौथ्या सुरुवातीला ते म्हणाले, बाई, तीस वर्षं मी लोकांची दारं वाजवली, इतक्यांदा कुणी परत पाठवलं नाही. तोवर शिंपीणबाईंनी हातोडी उचलली होती. ती कशी धरायची ते मी बसल्या जागेवरून तोंडी सांगितलं. डॉक्टर भूमिकेत इतके रंगले, की टेबलाखाली जाऊन बसले आणि काही केल्या बाहेर येईनात. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, सरका जरा, मीही येते.

सगळे पोट धरून हसले. वातावरण खेळीमेळीचं.

वेळ संपली. पेटी झाली नाही. तत्त्व मात्र पक्कं झालं.

२० मार्च
शिंपीणबाईंचा फोन. मागे मशीन चालूच होतं. विचारलं, बाई, तुम्ही आम्हाला शिकवताय की आमच्यावर पहारा ठेवताय? म्हटलं, एकच ते. त्या म्हणाल्या, एक नाही, आणि टीप घालायची म्हणून फोन ठेवला. कामाचा ताण असतो बिचारीला.

निश्चय: पुढच्या रविवारी तोंडात गोळी ठेवणार. गोळी संपेपर्यंत एक शब्द नाही.

२४ मार्च, रविवार
तोंडात गोळी, हातात पुस्तिकेची सुधारित आवृत्ती, चव्वेचाळीस पानं. हॉलला कुलूप. अर्धा तास पायरीवर बसले. गोळी संपली. बोलायला कुणी नव्हतं.

व्यवस्थापकबाईंना फोन केला. त्या जरा चाचरल्या. मग म्हणाल्या, ते तिघं शिंपीणबाईंच्या दुकानात जमतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. तुमच्या गुडघ्याला त्रास नको म्हणून सांगितलं नसेल. किती काळजी घेतात माणसं.

घरी येऊन लेकीला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, तुला वर्ग चालायला हवाय की नकोय? कसला प्रश्न हा. म्हटलं, भाजी करपतेय.
भाजी टाकलेली नव्हती.

३० मार्च
उद्या जाणार नाही. पेपर वाचणार, पुस्तक बदलून आणणार, दुपारी झोपणार. हे आज चार वेळा ठरवलं.

वर्ग फसला तर रविवार व्यायामवाल्यांचा. जमला तर त्या तिघांचा. दोन्हीकडून मी घरीच. सकाळपासून हाच हिशेब मांडतेय, उत्तर बदलत नाही.

३१ मार्च, रविवार, संध्याकाळी
गेले. वर्गाच्या कात्र्या माझ्याकडे राहिल्या होत्या, त्या द्यायच्या होत्या. लेकीने स्कूटरवरून सोडलं.

दारात नोंदवही घेऊन पोस्टमन. कात्र्या घेतल्या, आभार मानले आणि विचारलं, सोबत मूल कोणतं? म्हटलं, मी नुसती बघायला आलेय. ते अगदी अदबीने म्हणाले, एकट्या मोठ्या माणसाला आत सोडता येत नाही, पान अकरा. पान उघडून दाखवलं. खरंच होतं. वाक्य माझंच, त्याखाली दोन रेघा मारलेल्या. मला वाटलं होतं, पुस्तिका कुणी उघडलीच नसेल.

मी परत फिरले, तर लेकीने हेल्मेट काढलं आणि वही ओढून घेतली. पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव. मुलाच्या रकान्यात माझं. पोस्टमननी निरखून वाचलं, वय विचारलं, सदुसष्ट लिहिलं. मुलाच्या वयाची अट घालायची मी विसरले होते.

आत सतरा जोड्या. गलका होता, पण कामाचा. डॉक्टर गुडघ्यांवर रांगत एकेका टेबलाशी जात होते. शिंपीणबाईंनी आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं, फळ्या दिल्या आणि लेकीच्या कानात, मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, त्यांचं त्यांना करू दे.

बावीस वर्षांत पेट्या ह्यांनी करून दाखवल्या, नंतर पालकांनी केल्या. मी बोलत राहिले. हातोडी आज पहिल्यांदा हातात धरली. दोन खिळे वाकले. लेक दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मधेच म्हणाली, बाबा असते तर हसले असते. म्हटलं, तोंडावर नसते हसले.

शेवटी झाकण बसेना. एकीकडून दाबलं की दुसरीकडून वर यायचं. मान वर करून पाहिलं. तिघंही बघत होते. कुणी मदतीला आलं नाही. चांगले तयार झालेत.

पेटी घरी आणलीय. तशीच, उघडी.