अध्यक्षांना हटवण्याची मोहीम

३ मार्च
आमच्या पंपांवरून परदेशी गिऱ्हाईकाशी भांडण; ते म्हणतात, पंप गळतात. हरलो तर अर्धा कारखाना विकावा लागेल. कोर्टाऐवजी तीन लवाद: एक मी नेमलेले, एक त्यांनी, आणि दोघांच्या संमतीने अध्यक्ष. आज पहिली सुनावणी. अध्यक्ष त्यांच्या वकिलाकडे बघून हसले. माझ्याकडे बघून नाही. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हा माणूस फितूर आहे.

४ मार्च
इंटरनेटवर पुरावा सापडला! कुठल्याशा परिषदेत अध्यक्ष आणि तो वकील शेजारी शेजारी, हातात कॉफी. अध्यक्षांना हटवायचं पक्कं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, या धंद्यात सगळे एकमेकांना भेटतातच, कॉफीवरून कोणी पक्षपाती ठरत नाही. बाई हुशार, पण धाडस नाही.

७ मार्च, सकाळी
अर्ज ठोकला. ‘तटस्थतेबद्दल रास्त शंका’ हे शब्द वकीलबाईंचे, जोर माझा. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, अहो, पण तुम्ही नेमलेले लवाद माझे सख्खे मामा आहेत, ते सांगितलंत का? मी म्हटलं, विचारलं कोणी? शिवाय मामा देवमाणूस. नात्याबित्याचा परिणाम शून्य. लग्नात मला साधं पेनसुद्धा दिलं नव्हतं.

१९ मार्च
समोरच्यांचं उत्तर आलं. त्यांनीही फोटो जोडलाय. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मामा मला केक भरवताहेत. हिनेच फेसबुकवर टाकलेला. खाली: ‘यांचे लाडके मामा’. वकीलबाईंचा फोन. एवढंच विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का?

२६ मार्च
अर्ज फेटाळला. अध्यक्ष कायम. मामांचा राजीनामा. आता ते हिच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. जाऊ दे, एका अर्थी बरंच झालं. नवे लवाद मी जातीने निवडले. इंजिनिअर माणूस, करारी चेहरा. कोणाशी नातं नाही, ओळख नाही. आता बघाच.

१४ ऑगस्ट
निकाल लागला. आम्ही जिंकलो! दोन विरुद्ध एक. अध्यक्ष आमच्या बाजूने. समोरच्यांनी नेमलेले लवादसुद्धा आमच्या बाजूने.

विरोधात एकच: माझा करारी चेहरा. त्याने आमच्या पंपांविरुद्ध वेगळं मत लिहिलंय, आकृत्यांसकट. वकीलबाई म्हणाल्या, वाचून ठेवा, कारखान्यात उपयोगी पडेल.

वाचलं. पंपांच्या सीलबद्दल त्याचं बरोबर आहे.