आशियाच्या नकाशावरची टिंबं

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

प्रिय रतन,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते वेगळे लिहीत नाही. मी ठीक आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याबद्दल सांगायला कुणी सिंगापूरला पत्र लिहीत नाही. फोनवर बोलता आलं असतं असं तू म्हणशील. नसतं आलं. फोनवर तू 'बरं' म्हणतेस, मी 'ठेवते' म्हणते, आणि तीन मिनिटांत आपलं संपतं. आधी एक गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी तुझं टपाल फोडलं. एकदा नाही, गेलं दीड वर्ष येईल ते फोडते आहे.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले, तेव्हा कारण द्यायला हवं. नोकरी लागल्यावर तू कामासाठी फिरताना जिथे उतरतेस त्या हॉटेलांच्या साखळीच्या सभासदत्वाचा अर्ज भरलास आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यात आपल्या घराचा पत्ता घातलास. आपल्याकडे तसंच करतात. माणूस कुठेही राहो, कायमचा पत्ता आईबापाच्या घराचा. सिंगापुरात तू चार खोल्या बदलल्यास, पण तो रकाना बदलायचं राहून गेलं. त्यामुळे दर तीन महिन्यांनी एक जाड पाकीट इथे येतं. जाहिरात असेल म्हणून मी ती पाकिटं तशीच तुझ्या कपाटात रचत असे. गेल्या वर्षी जूनमध्ये एक पाकीट पोस्टातच फाटून आलं. आतलं पुस्तक जिन्यात पडलं, ते शेजारच्या मालूताईंनी आणून दिलं. "काय हो बाई, एवढी हॉटेलं? रतन हॉटेल काढतेय की काय?" मी म्हटलं, काढत असेल. आणि दार लावून वाचत बसले.

भूगोल शिकवलेल्या बाईच्या हातात शहरांची यादी पडली की ती गप्प बसत नाही. किती रात्री राहिलं की किती गुण, आणि किती गुण झाले की एक रात्र फुकट, हे चटकन समजलं. समजली नाही ती वाटणी. बँकॉकला त्यांची सहा हॉटेलं, हाँगकाँगला पाच, सिंगापूरला चार, जाकार्ताला तीन. टोकियो एवढं मोठं, तिथे दोनच. दिल्लीला एक. मुंबईला एक, अंधेरीतलं, तेही 'बॉम्बे' नावाने छापलेलं. कलकत्त्याला नाही, ढाक्याला नाही, कराचीला नाही. कोलंबो आणि रंगून कोरडीच. लोकसंख्या लावून पाहिली, बसेना. बंदरं लावून पाहिली, तरी बसेना. शाळा सोडताना आणलेले आशियाचे कोरे नकाशे कपाटात होते. त्यातला एक काढला आणि लाल शाईने जितकी हॉटेलं तितकी टिंबं दिली. बँकॉकला गोवर उठल्यासारखा दिसतो, आणि आपल्या बाजूला एवढ्या मोठ्या देशात दोन टिंबं. तो नकाशा मी जेवणाच्या टेबलासमोर लावला आहे. तेव्हापासून जेवताना समोर तोच असतो. तुझा फोन आला की आधी शहर विचारते, आणि मग त्या शहराकडे बघून बोलते.

पुस्तकासोबत एक कागद होता, तुझ्या मुक्कामांचा. शहर, तारखा, रात्री. बँकॉक, हाँगकाँग, पुन्हा बँकॉक, आणि मग 'बॉम्बे, नोव्हेंबर ९५, चार रात्री.' त्याच्या खाली 'बॉम्बे, मार्च ९६, तीन रात्री.' चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझी रोजनिशी तुला माहीत आहे. १३ मार्चचं पान काढलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं, 'रतनचा फोन. बँकॉक. आवाज फार स्वच्छ.' मला आठवलं, मी तुला म्हटलंही होतं, आज किती जवळून बोलतेस गं. तू म्हणालीस, "यंत्रं सुधारलीत, आई." तू अंधेरीहून बोलत होतीस.

राग आला. नाही आला असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. खोटं बोललीस याचा आला, आणि खोटं बोलायला तुला कुठे शिकवलं होतं म्हणून माझाच आला. तू तर सांगितलेलं अक्षरशः पाळणारी मुलगी. सातवीत माझ्याच वर्गात होतीस आणि शाळेत मला सगळ्यांसारखी 'बाई' म्हणायचीस. एकदा आशियाचा नकाशा आणायला विसरलीस. घरी नकाशांचे गठ्ठे, आणि तुझ्या वहीत एक नाही. इतर मुली बघत होत्या, म्हणून तुला जरा जास्तच कडक आवाजात म्हटलं, बाहेर उभी राहा. तास संपला. मी दुसऱ्या वर्गावर गेले आणि विसरले. मधली सुट्टी झाली, पुढचे तीन तास झाले. शाळा सुटल्यावर जिन्याकडे निघाले तर तू तिथेच. भिंतीला टेकलीसुद्धा नव्हतीस. "अगं, अजून इथे?" तर म्हणालीस, "बाई, तुम्ही 'आत ये' म्हणाला नाहीत." ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वेळा सांगितली, शिस्तीचा नमुना म्हणून. सगळे कौतुकाने ऐकायचे. फक्त चित्रकलेच्या शीलाबाईंनी एकदा विचारलं, "पण पोरीने डबा खाल्ला होता का हो?" मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं.

आता दुसरं कबूल करते. गेल्या नोव्हेंबरात मी त्या हॉटेलात आले होते. तू त्याच सुमाराला तिथे असतेस हे मुक्कामांच्या कागदावरून कळलं होतं. हॉटेलला फोन लावला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं. पलीकडच्या मुलाने निमूट सांगून टाकलं, मिस नाखवा बुधवारी दुपारी येतील. मंगळवारी संध्याकाळी जवळा भाजला. आजी करायची तसा, लसूण ठेचून, आमसूल घालून. डबा दोन पिशव्यांत गुंडाळला तरी वास यायचा तो येतच होता. दारातल्या उंच दरवानाने विचारलं, "मावशी, पिशवीत काय आहे?" म्हटलं, जवळा. तो रत्नागिरीकडचा निघाला. त्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही. "जा आत, पण त्या थंड मशीनखाली बसू नका, सगळीकडे वास फिरेल," म्हणाला. त्या गुळगुळीत फरशीवरून जाताना मला माझी आई आठवली. चेंदणीहून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती ठाण्याच्या बाजारात जायची, आणि त्या पाटीवर तिने मला बी. ए. केलं. कुठल्याही दारातून जाताना ती मान खाली घालत नसे. मी घातली होती.

खांबाआडच्या खुर्चीवर दीड तास बसले. मग तू आलीस. केस कापलेले. नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा तुला बघून उठून उभा राहिला. इंग्रजीत म्हणाला, पुन्हा स्वागत, मिस नाखवा, नेहमीचीच खोली ठेवली आहे, बागेच्या बाजूची, उशी एकच, आणि लिंबाचा चहा बिनसाखरेचा पाठवतो. तू साखर सोडलीस हे मला माहीत नव्हतं. तुझी झोप एका उशीची आहे हेही मी विसरले होते. त्या मुलाला ते कुठल्याशा वहीत वाचून कळलं असेल, पण कळलं होतं. मग तो म्हणाला, एका बाईंचा फोन आला होता, नाव नाही सांगितलं. तू वाकून सही करत होतीस, ती थांबलीस. "आवाज कसा होता?" एवढंच विचारलंस. तो हसला आणि म्हणाला, शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा. तू हसली नाहीस. पेन हातात धरून दाराकडे बघत राहिलीस. मी तुझ्यापासून वीस पावलांवर होते. उठले असते तर काय बोलले असते ते मनात जुळवून पाहिलं. एकच वाक्य तयार होत होतं, 'हे केस कुणाला विचारून कापलेस?' म्हणून उठले नाही. तू वर गेल्यावर डबा दरवानाला दिला. "मावशी, डबा परत कुठे आणून देऊ?" म्हणाला. म्हटलं, ठेव. केस चांगले दिसतात गं. कान मोकळे दिसतात, तुझ्या बाबांसारखे.

त्यानंतरही मार्चमध्ये तू चार रात्री राहून गेलीस, कागद आला. मी फोनवर बँकॉकचं हवामान विचारलं आणि तू सांगितलंस. आपण दोघी चांगलं निभावतो.

गेल्या आठवड्यात नवं पुस्तक आलं. बँकॉकला आता सात झाली, शांघायला दोन नवी. आणि मुंबईपुढे बारीक अक्षरांत, या शहरातला सहभाग संपला आहे. शेवटी एकदा 'मुंबई' छापलं, तेही काढून टाकण्यासाठी. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. खाटेवरची गादी उन्हात टाकली. मालूताईंनी विचारलं, कोण येणार? म्हटलं, बघू. दुपारी नकाशासमोर जेवायला बसले आणि हातातला घास तसाच राहिला. टिंब गेलं म्हणजे तू घरी येशील हे मी कशावरून धरलं? टिंब नाही तिथे तू जात नाहीस. कलकत्त्याला गेली नाहीस, ढाक्याला गेली नाहीस. तुझ्या कंपनीचं काम तू बँकॉकमध्ये बसूनही उरकशील. निदान वर्षातून दोनदा तू अंधेरीत होतीस, त्याच नळाचं पाणी पीत, तेच वर्तमानपत्र वाचत. आता तेही नाही. ते लाल टिंब मी ब्लेडने खरवडायला घेतलं, तर कागद फाटला. तिथे आता भोक आहे आणि त्यातून भिंत दिसते.

म्हणून हे पत्र. पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार आपण दोघींनी कधी तोंडातून काढला नाही. कळव्याची माणसं तुला बघायला बोलावली होती, तुला न विचारता. पाचची वेळ दिली होती. तू ऐकलंस आणि मैत्रिणीकडे टेंभी नाक्याला निघून गेलीस. ती माणसं अडीच तास बसली आणि मी त्यांना तीनदा चहा केला. तू साडेसातला आलीस तेव्हा ती जिना उतरत होती. मालूताई दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्यादेखत मी म्हटलं, हे घर आहे, लॉज नाही, माझ्या घड्याळाने वागायचं नसेल तर यापुढे हॉटेलात उतरायचं. तुझी एक चप्पल पायात होती, एक हातात. तू म्हणालीस, "बरं." मला वाटलं, ऐकून घेतलं, विषय संपला. पण तू ते ऐकून घेतलं नव्हतंस, पाळलं होतंस. पावणेतीन वर्षं तू या शहरापर्यंत येत होतीस आणि चाळीस किलोमीटरवर उभी राहत होतीस. मी दुसऱ्या वर्गावर गेले होते. शीलाबाईंना आता उत्तर देते, नव्हता खाल्ला. मी रात्री दप्तरातून भरलेला डबा काढला होता आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळ मी भिंतीवरून उतरवलेलं नाही, ते मला जमणार नाही. पण उशी एकच ठेवली आहे आणि साखर चहात घालणार नाही. तास केव्हाच संपला, रतन. आत ये.

तुझीच,
आई