नळाला पाणी कधी आलं

प्रिय ठमे,

फोनच करणार होते, पण तू उचललास की मी शिकवायलाच लागते, म्हणून कागद घेतला. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे म्हणे. जिना मात्र अजून कण्हत कण्हतच चढते.

गेल्या आठवड्यात जेवताना तू हळूच म्हणालीस, की आपल्या शहरात नळाचं पाणी सुरू झाल्याचं साल इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात वेगळं दिलंय, मी लिहिलेल्या शहराच्या इतिहासाच्या पुस्तकात वेगळं. माझं डोकंच फिरलं. जिथं कुणीही यावं आणि काहीही खरडून जावं, त्याच्या जिवावर तू प्रबंध लिहितेस का, असं मी सगळ्यांदेखत बोलले. तुझे बाबा हसले. 'मावशी, एकदा खालच्या तळटिपा बघ ना,' एवढंच म्हणून तू ताटाकडे बघत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडलं, ते तळटिपा बघायला नव्हे, साल दुरुस्त करायला. माझं साल घातलं, आधाराला माझंच पुस्तक दिलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते काढून टाकलं होतं आणि नम्रपणे लिहिलं होतं, की आधी लेखाला जोडलेलं चर्चेचं पान वाचावं. तिथं पाणीखात्याच्या मूळ अहवालाचा क्रमांक होता. तणतणत दप्तरखान्यात गेले, अहवाल मागवला. माझं साल निघालं कोनशिला बसवल्याचं. नळाला पाणी यायला पुढं सहा वर्षं लागली होती. पुस्तक लिहिताना मी तो अहवाल उघडलाच नव्हता. एका स्मरणिकेतून साल उतरवून मोकळी झाले होते.

घरी येऊन चर्चेचं पान वरपासून नीट वाचलं. ज्या कुणी ही चूक पहिल्यांदा दाखवली होती, तिनं लिहिलं होतं, 'मी या लेखिकेची भाची आहे, म्हणून नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. अहवाल दुसऱ्या कुणीतरी तपासावा.' दोघा अनोळखी माणसांनी तो तपासलाही होता. तारीख आपल्या त्या जेवणाच्या बरीच आधीची. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू चारचौघांत माझी लाज राखलीस. मला तुझी राखता आली नाही. तेव्हापासून आरशात बघायचीसुद्धा चोरी झालीय.

आज तुझी आई म्हणाली, मावशी दुखावली म्हणून तू प्रबंधात माझंच साल घातलंयस आणि उद्या तो बांधायला देतेयस. ते थांबव, एवढ्यासाठी हे पत्र आजच हातोहात पाठवतेय. खरं साल घाल, आणि तळटिपेत माझ्या पुस्तकाचं नाव घेऊन स्पष्ट लिही, की ते इथं चुकलंय. तुझ्या बाबांना मी स्वतः सांगेन, आणि तेही सगळ्यांदेखत.

तुझीच,
मावशी